लोणचं तेवढं राहिलंय

हरिश्चंद्रकाका इतके लाजाळू होते की वाडीला पाणी सोडायला इंजिन सुरू करतानासुद्धा, आवाज होतो म्हणून, आधी इकडेतिकडे बघून घ्यायचे. निर्मळ गावात त्यांच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि त्या कुंपणात एक फट होती. आम्ही ख्रिस्ती, ते हिंदू, पण त्या फटीतून वाटीभर विरजण, कोंबड्या आणि माणसं सगळी बिनदिक्कत ये-जा करायची. काकांची मात्र पद्धत ठरलेली. आधी खोकायचं, मग थांबायचं, मग आमची आई, म्हणजे आल्बिना, "या हो भाऊ" म्हणाली की अर्धं अंग आत घालायचं. उरलेलं अर्धं पळून जायच्या तयारीत पलीकडेच असायचं.

त्यांची विड्याच्या पानांची वाडी होती. आत शिरलं की भर दुपारीही अंगावरचा घाम निवायचा. पानवेल म्हणजे देवी, तेव्हा चपला बाहेर काढूनच आत जायचं. आणि बाईमाणसाने 'त्या' दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर वेल करपते, असा नियम. आता पानं खुडायचं काम तर घरातल्या बायकांचंच. मग आज कोण येणार नाही हे पुरुषांना कळायचं कसं? त्यांनी विचारायची सोय नाही आणि बायकांनी सांगायची तर त्याहून नाही. म्हणून त्या घराण्यात एक रीत पडली होती. पानं खुडायला प्रत्येकीची वेगळी बांबूची पाटी. जी बाजूला बसली असेल तिने आपली पाटी ओट्यावर पालथी घालायची. पुरुष ती बघायचे आणि मुकाट्याने कामाला लागायचे. म्हणजे पिढ्यानुपिढ्या त्या घरातले नवराबायको, सासरे-सुना एकमेकांशी पाटीमार्फत बोलत होते, आणि याला ते मर्यादा म्हणायचे. मला या मर्यादेचा अजून राग येतो. का, ते सांगते.

काकांची बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं. फार रक्त गेलं, आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगी प्रेमलता तेव्हा दुसरी-तिसरीतली. ती पडवीच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. तिला तिथून कुणी हलवलं नाही, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पुढेही तिला त्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही. आई कशाने गेली असं तिने विचारलं की काका म्हणायचे, "देवाने नेली," आणि उठून वाडीत जायचे.

घरात दोघंच उरली. प्रेमाताई शाळेच्या आधी पानं खुडायची आणि शाळेतून आली की चूल पेटवायची. काकांना चहासुद्धा करता येत नव्हता. मी तिच्याहून बरीच लहान, पण शेपटासारखी कायम तिच्या मागे. विनी कुठे आहे असं कुणी विचारलं तर प्रेमा कुठे आहे ते बघा, असं आमची आई सांगायची.

सत्याहत्तर सालची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. प्रेमाताईच्या पाटीत मांजरीने घाण करून ठेवली. तिने ती पाटी विहिरीवर नेऊन खसखसून धुतली आणि ओट्यावर वाळत घातली. ओली पाटी माणूस कशी वाळत घालतो? पालथीच. रीत तिला ठाऊक नव्हती. आईची पाटी कधीमधी पालथी असायची हे तिने पाहिलं असेल, पण त्याचा अर्थ सांगण्याचं वय व्हायच्या आतच सांगणारी गेली होती.

काका वाडीतून आले आणि ओट्यासमोर थबकले. पाटीकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू तिथे साप बसलाय. घरात न जाता त्यांनी सायकल काढली, आमच्या फटीपाशी आले आणि खोकले.

"आल्बिनाबाय," ते म्हणाले. मग कुंपणाची दोन पानं खुडली. "आमच्याकडे... पाटी पालथी आहे."

आमच्या आईला ही रीत कुठून माहीत असणार? ती बोंबील साफ करत होती. "मग सुलटी करा की भाऊ," ती म्हणाली.

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बरं," असं पुटपुटून ते सायकलवर बसले आणि थेट बोळिंजला बहिणीकडे गेले. घरात जाऊन लेकीला "पाटी का गो पालथी?" एवढंच विचारलं असतं तर काम झालं असतं. ते काही त्यांना जमलं नाही. उन्हातून बोळिंजपर्यंत सायकल मारणं जमलं.

संध्याकाळी नर्मदाआत्या त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून आल्या. त्यांनी भावाला विचारलं, "नक्की ना रे?" काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पाटी पालथी होती." चौकशी संपली. प्रेमाताईला मागच्या पडवीत गोणपाटावर बसवलं आणि समोर कोळशाने रेघ ओढली. वेगळं ताट, वेगळा तांब्या. जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे तिच्याकडे टाकून आत्या म्हणाल्या, "हे घे." कशासाठी, ते काही बोलल्या नाहीत. प्रेमाताईने त्या तुकड्यांची घडी घालून उशाला घेतली.

"काय झालं गो तुला?" मी रेघेच्या अलीकडून विचारलं.

"काय माहीत. पाटी पालथी घातली म्हणून बसवलंय बहुतेक."

"पाटी घातली म्हणून?"

"काहीतरी पाप असेल," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तिला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं नेसवलं, ओटी भरली आणि आळीत घरोघर साखर वाटली. बायका तिच्याकडे बघून पदराआड हसत होत्या. दुकानात गेली तर दुकानदारसुद्धा उगीच गोड बोलला. आपलं काय हसण्यासारखं झालंय हे तिला कळेना, पण काहीतरी झालंय आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं कळलं. तेव्हापासून तिची मान खाली गेली. त्याआधी ती रस्त्याने गाणी म्हणत चालायची.

निघताना आत्यांनी तिला कोपऱ्यात घेऊन शिकवण दिली. ती मी दाराआडून ऐकली आहे. "आता तू मोठी झालीस. पाटीचं तुला ठाऊकच आहे. वेळ आली की वाडीत पाय टाकायचा नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पोरांच्यात खेळायचं नाही. आणि यातलं अवाक्षर कुणाजवळ काढायचं नाही, बाबांजवळ तर नाहीच."

"कसली वेळ?" प्रेमाताईने विचारलं.

"कळेल तुझं तुला."

झाली शिकवण. रक्त हा शब्द आत्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. प्रेमाताईने मग आपल्या परीने अर्थ लावला. पाटी पालथी घातली की बाजूला बसावं लागतं आणि आख्खी आळी हसते. तेव्हा पाटी या जन्मात पालथी घालायची नाही. त्या दिवसापासून ती पाटी खिळ्याला टांगायला लागली. काकांना वाटलं, सुरुवातीला मागेपुढे होतं असं नर्मदाआत्या म्हणाल्याच होत्या. ते निश्चिंत झाले.

आमच्याकडे फार उजेड होता असं मात्र कुणी समजू नये. आमच्यात बाजूला बसवत नसत, देवळात मिस्साच्या प्रार्थनेलाही जायचं, पण बोलायचं नाही हे दोन्हीकडे सारखंच. आई आपली फडकी नेहमी टॉवेलाच्या खाली लपवून वाळत घालायची, त्यामुळे ती कधी धड वाळायची नाहीत. पुढे आमच्या शाळेत एका सिस्टरने मोठ्या मुलींना थांबवून घेतलं, देह हे देवाचं मंदिर आहे असं सांगितलं आणि एक प्रार्थना म्हणवून घरी पाठवलं. त्या मंदिरात काय काय होतं ते सिस्टरनाही सांगवलं नाही. आम्ही मुली एकमेकींकडे न बघता घरी आलो, जणू आम्हीच काही केलं होतं.

कार्तिकात निर्मळची यात्रा भरली. आम्ही दोघी पाळण्यात बसलो, सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी खाल्ली. घरी गेल्यावर प्रेमाताईला परकरावर रक्त दिसलं.

पुढचं मला खूप नंतर, माझं लग्न ठरल्यावर, आईने सांगितलं. प्रेमाताईने असं रक्त आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, पडवीच्या दारातून. तेव्हा तिला दुसरा अर्थ सुचणंच शक्य नव्हतं. आईचा रोग आपल्याला लागला. आई एका दिवसात गेली, आपल्याला थोडा वेळ मिळतोय. कुणाला सांगावं तर रक्त कुठून येतं तेही सांगावं लागलं असतं, आणि त्या जागेचं नाव काढायचं नसतं एवढं मात्र तिला सगळ्यांनी अगदी नीट शिकवलं होतं. तिने परकर विहिरीमागे धुतला. रक्त थांबलं तेव्हा तिला वाटलं, देवाने ऐकलं. पुढच्या महिन्यात परत आलं तेव्हा तिची खात्री पटली.

आणि मग तिने बापाला स्वयंपाक शिकवायला घेतला.

आधी चूल. मग चहा, मग भात. भातात पाणी किती हे बोटाच्या पेरावर मोजायला शिकवलं. मग डाळ, मग वालाचं बिरडं. मीठ कुठल्या बरणीत, हळद कुठल्या डब्यात, उन्हाळ्यात गव्हाला कडुनिंबाचा पाला कसा घालायचा, सदऱ्याचं बटण कसं लावायचं. काकांची बोटं पानवेल बांधण्यात पटाईत, पण सुईत दोरा ओवताना त्यांना घाम फुटायचा. ते म्हणायचे, "अगो, तू आहेस ना, मग मला कशाला?" ती म्हणायची, "यायला पाहिजे, बाबा." त्यांना वाटलं, पोरीला बापाची दया येते. त्यांना फार अभिमान वाटला. जो माणूस आळीत कुणाशी चार वाक्यं बोलत नव्हता, तो कुंपणापाशी येऊन, न खोकता, सांगायला लागला, "आमची प्रेमा मला भाकरी शिकवतेय." एकदा त्यांनी तांदळाची भाकरी आणूनही दाखवली. मी खाल्ली. दात शाबूत राहिले, एवढंच म्हणेन. आई हसून म्हणाली, "भाऊ, आता पोरीला सासरी पाठवायला मोकळे झालात." तेही हसले.

प्रेमाताई मात्र वाळत चालली होती. खेळायला यायची नाही. त्या दिवसांतही ती रोज वाडीत जात होती, पानं खुडत होती, कारण तिच्या लेखी तिची 'वेळ' कधीचीच होऊन गेली होती आणि हा होता रोग. त्या वर्षी काकांची वेल अशी फोफावली की व्यापारी पान हातात घेऊन उलटसुलट करून बघायचा. वेलीला बहुतेक कुणी काही सांगितलं नसावं.

मग आमचा राखेचा बुधवार आला. मी देवळातून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आले आणि तशीच फटीतून पलीकडे गेले. प्रेमाताई पानं निवडत होती. "हे काय गो लावलंस?" तिने विचारलं.

"फादर लावतात. आपण सगळे माती आहोत आणि मातीला मिळणार, ते आठवायला."

"सगळे?"

"सगळे," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

तिने हातातली पानं खाली ठेवली आणि उठून आमच्याकडे गेली. मी मागोमाग. आई उपवासाची, नुसती बसली होती. प्रेमाताई तिच्यासमोर उभी राहिली, परकराचं टोक बोटाला गुंडाळत.

"आल्बिनाकाकी, एक काम कराल? मी नसले तर बाबांना वर्षाला एक बरणी लोणचं घालून द्याल? त्यांना बाकी सगळं आलं. लोणचं तेवढं राहिलंय. कैऱ्या यायला अजून वेळ आहे."

आई हसतच म्हणाली, "का गो, तू कुठे निघालीस?"

"मला आईसारखं झालंय, काकी."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग मला कोंबड्यांना दाणे टाकायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. खिडकीखाली मी होतेच. आई खूप हळू बोलत होती आणि मध्येच थांबत होती, कारण तिलाही ते शब्द याआधी कधी तोंडातून काढावे लागले नव्हते. तेव्हा मला सगळं कळलं नाही, एवढं ऐकू आलं, "मला पण होतं गो बाय. तुझ्या आईला पण व्हायचं. तू मरत नाहीस." मला वाटलं, आता प्रेमाताई हसेल. ती हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा साखर वाटली ती याची? माझ्या आधी सगळ्या आळीला माहीत होतं?" आणि ती इतकी रडली, की मी दाणे विसरले.

त्या दिवशी फटीतून आई पलीकडे गेली. खोकली नाही की थांबली नाही. काका चुलीपुढे भाकरी थापत होते. आईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाटी धुऊन वाळत घातली होती इथपासून. काका मान खाली घालून ऐकत होते. आई थांबल्यावर त्यांनी जे पहिलं विचारलं ते असं होतं, "म्हणजे... त्या दिवसांत ती वाडीत...?"

आई म्हणाली, "गेली. दर वेळी गेली. जाऊन वेल बघून या, मेलीय का ती. आणि भाऊ, तुमची पोरगी कार्तिकापासून मरायला निघालीय. तुम्हाला भाकरी का शिकवत होती ती, कळतंय का? तुम्ही उपाशी राहू नये म्हणून. मला विचारायला आली होती, लोणचं राहिलंय, ते कोण देईल."

काकांनी वर पाहिलं नाही. हाताला तांदळाचं पीठ लागलं होतं, त्या हातांकडे ते बघत राहिले. तव्यावरची भाकरी जळून धूर यायला लागला तरी त्यांनी ती काढली नाही. शेवटी आईनेच काढली. "आता तरी तिच्याशी बोला," असं म्हणून ती परत आली, आणि घरी येऊन आम्हा सगळ्यांवर उगाच खेकसली. आता कळतं, तिला स्वतःचीच लाज वाटत होती. कुंपणाला फट असून उपयोग काय झाला, असं ती पुढे कितीदा म्हणाली.

काका बोलले नाहीत. स्वयंपाक करायचे, प्रेमाताईचं ताट वाढून तिच्यापुढे ठेवायचे आणि आपलं ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. तिच्यासमोर मान वर करायची त्यांना चोरी झाली. आणि प्रेमाताईला वाटलं, आपण वाडी बाटवली म्हणून बाबा रागावलेत. खरं काय ते कळल्यावर तिने केलं काय, तर आपणहून पाटी पालथी घालायला लागली, आपणहून रेघेपलीकडे जाऊन बसायला लागली. मला यासारखं वाईट कशाचंच वाटत नाही. एका घरात दोघंच, आणि दोघंही आपापल्या जागी शरमेने मेलेली.

चैत्र गेला, वैशाख लागला. त्यांच्या विहिरीवरच्या आंब्याच्या कैऱ्या काढायच्या झाल्या. मी तिखटमीठ घेऊन हजर होतेच. ओट्यावर पाटी पालथी होती आणि प्रेमाताई मागच्या पडवीत बसली होती. काका आले. पाटीसमोर उभे राहिले, तसेच, गणपतीनंतर राहिले होते तसे. मग खाली वाकून त्यांनी ती पाटी उचलली, सुलटी केली, कैऱ्यांनी भरली आणि थेट मागच्या पडवीत नेली. विळी आणि मिठाची बरणीही आणली. रेघेला अगदी लागून ते मांडी घालून बसले.

"लोणचं तेवढं राहिलंय ना," ते म्हणाले.

प्रेमाताई पांढरी पडली. काकींपाशी आपण लोणच्याचं बोललो तेही बाबांना ठाऊक आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. "बाबा, मी बाजूला बसलेय. माझा हात लागला तर नासेल."

"नासू दे."

मी तोंडातली फोड चावायचीसुद्धा थांबले. काकांनी एक कैरी उचलली, परत ठेवली.

"तू मरायला निघाली होतीस," ते विळीकडे बघत म्हणाले, "आणि मी आळीत सांगत फिरत होतो, पोरगी मला भाकरी शिकवते म्हणून." उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं आणि ते तसंच तोंडावर धरून ठेवलं.

प्रेमाताईने रेघेवरून हात नेऊन पाटी आपल्याकडे ओढली.

"आधी धुवायच्या," ती म्हणाली. "मग एकेक पुसून कोरडी करायची. पाण्याचा थेंब राहता कामा नये. मग..."

"सावकाश सांग," काका उपरण्याआडून म्हणाले. "आता घाई नाही."